उंबऱ्याआतली राख

खंबाळवाडीचे आप्पासो मिसरूड फुटायच्या वयात मामाच्या मागोमाग तमिळनाडूत सेलमला गेले आणि डोक्यावरचे केस पांढरे झाल्यावर परतले. मधली सगळी वर्षं त्यांनी सराफांच्या एका अरुंद बोळात भट्टीसमोर बसून सोनं गाळलं. विटा आणि आसपासच्या गावांत याचं कुणाला नवल वाटत नाही. इथल्या घराघरातलं कुणी ना कुणी सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात आहे आणि ते कुठल्या गावाला आहे हे त्याच्या बायकोच्या बोलण्यात कुठल्या भाषेचे शब्द येतात त्यावरून ओळखता येतं. आप्पासोंच्या शालूबाई कोंबड्यांना तमिळमधून हाकलत.

गलाईच्या धंद्यात काहीच वाया घालवत नाहीत. दुकानाचा केर, हात धुतल्याचं पाणी, कारागिराच्या बुडाखालचं फाटकं पोतं, सगळं जपून ठेवायचं. पोतं झिजलं की ते जाळायचं, त्याची राख गाळायची आणि त्यातून सोन्याचा कण काढायचा. सेलमला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आप्पासोंनी भट्टीची राख गटारात ओतली, तेव्हा मामानं त्यांच्या कानाखाली एक ठेवून दिली. "राख उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची न्हाई. लक्ष्मी असती तिच्यात." कान दुखायचा राहिला, पण नियम अंगात मुरला. पुढं आप्पासो स्वतः मालक झाले आणि त्यांच्या हाताखालच्या कित्येक पोरांचे कान याच नियमानं गरम झाले.

मुलाच्या हाती दुकान सोपवून ते गावी आले. रस्त्याकडेला गुलाबी रंगाचं दुमजली घर बांधलं, त्यावर 'सेलम निवास' असं सिमेंटच्या अक्षरांत लिहिलं आणि गॅलरीत बसून जाणारी-येणारी वाहनं बघू लागले. त्यांना आता एकच गोष्ट मनापासून हवी होती. मुलगी राजनंदिनी इथं गावी जन्मली तेव्हा ते सेलमला होते. शेजारच्या दुकानातल्या फोनवर बातमी कळली, पेढे वाटले आणि पुन्हा भट्टी पेटवली. घरी आले तोवर पोरगी रांगायला लागली होती आणि बापाला बघून दाराआड जाऊन रडली होती. आता ती रहिमतपूरला दिली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. या वेळी मात्र मूल जन्मेल तेव्हा आपण तिथं असायचं, ते डोळे उघडेल तेव्हा त्याला पहिल्यांदा आपलं तोंड दिसलं पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलाला आधी डॉक्टरीणबाईंचं तोंड दिसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण तोवर वेळ जाईना. त्यातच कुणीतरी मोबाइलवर एक फिल्म पाठवली. जुन्या संगणकांच्या हिरव्या पाट्यांत सोनं असतं, असं त्यात एक माणूस हिंदीत सांगत होता. आप्पासो गॅलरीतून उठले ते थेट विट्याला रहिमानच्या भंगाराच्या दुकानात गेले. रहिमानकडं शिरवळपासून मिरजेपर्यंतचा माल यायचा. बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेंमधले संगणक, जुने टीव्ही, छपाईची यंत्रं, पोत्यांनी मोबाइल. हा माल नियमाप्रमाणं कुठं पाठवायचा असतो ते रहिमानला ठाऊक होतं. पण गलाईवाला काका स्वतःच्या टेम्पोतून घेऊन जातो म्हटल्यावर नियमाला तरी त्रास कशाला द्यायचा, असा त्यानं विचार केला.

"पर काका," पोती चढवताना तो म्हणाला, "ह्यो माल लवकर पेटत न्हाई. पेटू नये म्हनूनच बनिवलेला असतोय."

आप्पासो हसले. ज्यानं आयुष्यभर भट्टी फुंकली त्याला हे एक भंगारवाला सांगत होता.

पूर्ण हिवाळा त्यांनी घराच्या मागं परसात त्या मालाचं प्लास्टिक, पाट्या सगळं फोडलं आणि जाळलं. खरोखरच ते पेटायला राजी नव्हतं. जगातल्या हुशार लोकांनी आगीपासून वाचवण्यासाठी जे बनवलं होतं, ते पेटवण्यासाठी आप्पासोंनी ट्रॅक्टरचं डिझेल, उसाचं पाचट आणि आपली सगळी जिद्द खर्ची घातली. काळा, गोडूस धूर शेजारच्या द्राक्षाच्या बागेवर बसायचा. शालूबाई तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "आवं, सेलमची भट्टी बरी हुती. तिचा वास तरी वळखीचा हुता." शेवटी राख झाली, ती तेजाबात घातली आणि सोनं निघालं. नाकातली एक चमकी होईल एवढं निघालं. आप्पासोंनी ती चमकी गावातल्या प्रत्येकाला हातात घेऊन दाखवली. राहिलेली राख आणि अर्धवट जळालेले तुकडे, टेम्पोच्या तीन खेपा झाल्या असत्या एवढं सगळं, त्यांनी धंद्याच्या नियमाप्रमाणं उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. परसातच शेवग्याच्या बुंध्याशी पसरून ठेवलं. पुढंमागं आणखी चांगलं तेजाब मिळालं तर त्यातून आणखी एक चमकी निघाली असती.

राखेची सगळ्यांत जास्त कदर केली ती शालूबाईंच्या कोंबड्यांनी. कोंबडी राखेत लोळते, पंखांत राख भरून घेते आणि अंगावरच्या पिसवा झाडते. आधी त्यांना चुलीची राख पुरायची नाही. आता दुपारभर शेवग्याखाली त्यांचं न्हाणीघर चालू झालं. वळवाचा पाऊस झाला की राखेच्या कडेची माती मऊ व्हायची, त्यात गांडुळं वर यायची आणि कोंबड्या ती वेचायच्या. कोंबड्या तकतकीत झाल्या. अंड्यांचा बलक केशरी झाला.

'आप्पासोंची गावरान अंडी' हे नाव तालुक्यात झालं. पोल्ट्रीचं पांढरं अंडं म्हणजे पिंजऱ्यातल्या कैद्यानं घातलेलं, मोकळ्या रानात फिरणाऱ्या कोंबडीची सर त्याला नाही, असं आप्पासो येईल त्याला समजावून सांगत. तालुक्याच्या कचेरीतले साहेब, बँकेचे व्यवस्थापक, दवाखान्यातले डॉक्टर, सगळ्यांकडं टोपली जाऊ लागली. सरपंच ऋषिराज यांच्याकडं तर रोज सकाळी डझनभर जायची. ऋषिराज तरुण, व्यायामशाळेत जाणारे. ते अंड्यातलं फक्त पांढरं खायचे. बलकानं चरबी वाढते म्हणून तो त्यांच्या रॉकी नावाच्या परदेशी कुत्र्याला जायचा. आणि सातव्या महिन्यात राजनंदिनी माहेरी आल्यावर तिला रोज सकाळ-संध्याकाळ एकेक अंडं बळंच खाऊ घातलं जाऊ लागलं.

"आबा, मला वास येतोय बलकाचा," ती म्हणायची.

"त्यो ताकदीचा वास हाय. खा."

तिच्या डोहाळजेवणाला साक्षी आली. ती राजनंदिनीची विट्याच्या कॉलेजातली मैत्रीण. आता पुण्यात संशोधन करत होती. दुपारी पंगत उठल्यावर ती आप्पासोंकडं आली आणि म्हणाली, "काका, मला दोन डझन अंडी द्याल? मी भंगाराच्या गोदामांजवळच्या कोंबड्यांची अंडी तपासते आहे. त्यांच्याशी तुलना करायला एखाद्या स्वच्छ गावातली पाहिजेत. जिथं भंगार नाही, कारखाना नाही, काहीच नाही."

"मग बरोबर जागी आलीस," आप्पासो म्हणाले. "खंबाळवाडीत काईच न्हाई. आमदारसाहेब दर निवडणुकीत ह्येच सांगत्यात." त्यांनी कोंड्यात रचून दोन डझन अंडी दिली आणि वर बजावलं, "गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिव."

काही आठवड्यांनी साक्षीचा फोन आला. "काका, सगळ्या ठिकाणांत तुमच्या अंड्यांचा आकडा वर आलाय. मला येऊन बघायला पाहिजे."

आप्पासोंनी पुढचं वाक्य ऐकलं नाही. खंबाळवाडीचं आजवर कशातही नाव वर आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आप्पासोंची अंडी पुण्यात पहिली आली. सरपंचांनी लगेच सत्कार ठरवला, कारण सत्काराचं साहित्य ग्रामपंचायतीत नेहमी तयार असतं. साक्षी एस.टी.तून उतरली तेव्हा तिला स्पीकरवर स्वतःचं नाव ऐकू आलं. काही बोलायच्या आत तिला व्यासपीठावर बसवलं, हातात नारळ दिला. आप्पासोंच्या खांद्यावर शाल पडली. ऋषिराजांनी भाषणात सांगितलं की आपण स्वतः हीच अंडी खातो आणि आपली तब्येत सगळ्यांसमोर आहे. मग माईक साक्षीकडं आला. ती म्हणाली, "मी काकांशी घरी बोलते." गावाला वाटलं, पोरगी किती नम्र आहे.

घरी आल्यावर ती चहाला थांबली नाही. सरळ परसात गेली. शेवग्याखाली सहा-सात कोंबड्या राखेत लोळत होत्या आणि एक कोंबडा हिरव्या पाटीचा जळका तुकडा टोचून बघत होता. मागोमाग शालूबाई, राजनंदिनी आणि चहाच्या आशेनं आलेले ऋषिराज तिथं जमले.

"काका, हे कुठनं आलं?"

"त्यात सोनं हुतं," आप्पासो अभिमानानं म्हणाले. "आता थोडं ऱ्हायलं असंल."

मग साक्षीनं सांगितलं. टीव्ही, संगणक गरम होऊन पेटू नयेत म्हणून त्यांच्या प्लास्टिकात एक रसायन घालतात. प्लास्टिक फोडलं, जाळलं की ते धुळीत आणि राखेत उतरतं, आणि जाळताना त्याच्याहून वाईट काही तयारही होतं. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत जाऊन बसतं. मातीतून गांडुळात जातं. कोंबडी अशी कितीतरी गांडुळं खाते, वर राख टोचते, तेव्हा त्या सगळ्यांतलं तिच्या एकटीत जमा होतं. तिच्यातून बलकात. बलक खाणाऱ्याच्या अंगात ते वर्षानुवर्षं राहतं. "भंगाराच्या गोदामाला लागून राहणाऱ्या कोंबड्यांतसुद्धा एवढं नव्हतं," ती म्हणाली. "मी तुमचं गाव स्वच्छ म्हणून धरलं होतं."

"म्हंजे खालनं वर जाईल तसं साठत जातंय," आप्पासो हळूच म्हणाले.

"हो काका. सगळ्यांत वर जो बसलेला असतो त्याच्याकडं सगळ्यांत जास्त."

ऋषिराजांनी घसा खाकरला. "पांढऱ्यात पण असतंय का?"

"मुख्यतः बलकात."

ऋषिराजांचा चेहरा उजळला आणि पुढच्याच क्षणी उतरला. "अरं देवा, रॉकी." ते चहा न घेताच गेले. त्याच दुपारी सरपंचांच्या गाडीतून रॉकीला सांगलीला नेऊन रक्त तपासायला दिलं, आणि सगळं गाव दोन दिवस कुत्र्याच्या तब्येतीची चौकशी करत होतं. टोपलीतली फुटकी अंडी वाया जाऊ नयेत म्हणून कित्येक महिने रोज पोळीवर घालून खाणाऱ्या शालूबाईंना मात्र कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही.

परसात राजनंदिनीनं एकच गोष्ट विचारली. "साक्षे, माझ्या दुधातनं बाळाला जाईल?"

"थोडं जाईल," साक्षी म्हणाली. "तरी दूध पाजायचंच, त्याला तोड नाही. डॉक्टरांनाही विचार. पण आजपासून ही अंडी बंद. आणि ही राख उडते तिथं राहायचं नाही."

राजनंदिनी बापाकडं वळली. तिचा आवाज चढला नाही. "आबा, राख जाऊ दे, मग मी येते. तवर मी रहिमतपूरला."

"पयलं बाळंतपण सासरी? लोक काय म्हनतील?"

"लोकांचं काय, त्यांनी आज सत्कार केलाच की."

दुसऱ्या दिवशी ती गेली. बाळंतपणाला महिना-सव्वा महिना राहिला होता. तेवढ्यात राख घालवायची होती. ज्याच्या अंगात राख न घालवण्याचाच नियम मुरलेला, त्याच्या वाट्याला हे काम आलं.

सरपंचांनी तोडगा काढला. "त्यात काय, पावसाचं पाणी आलं की ओढ्यात सोडा. आपोआप जातंय." साक्षी फोनवर होती. ती म्हणाली, ओढा तलावात जातो, तलावातल्या चिखलातून ते लहान माशांत जाईल, लहान मोठ्यांत, मोठे बाजारात. तलावातल्या मासळीचा ठेका ऋषिराजांच्या मेहुण्याकडं होता. तोडगा जागच्या जागी रद्द झाला आणि ओढ्याचं पावित्र्य या विषयावर ऋषिराज बराच वेळ बोलले.

मग साक्षीनं दिलेल्या नंबरवर आप्पासोंनी फोन लावला. असला कचरा नियमाप्रमाणं घेऊन जाणारी माणसं असतात, असं तिनं सांगितलं होतं. पलीकडच्या माणसानं विचारलं, "कारखान्याचा नोंदणी क्रमांक?"

"कारखाना न्हाई. घर हाय."

"घरातून असा कचरा निघत नाही, साहेब."

"निघालाय की. दिसतोय मला."

"आमच्याकडं तसा प्रकार नाही." बऱ्याच विनवणीनंतर तो म्हणाला की तिकडं कधी पूर्ण गाडीची खेप निघाली तर तुमचंही उचलू. तोवर बंद डब्यात, पक्क्या फरशीवर, छपराखाली ठेवा. केव्हा, ते सांगता येणार नाही.

अशा वेळी बिरदेव आला. बिरदेव शेजारच्या वाडीचा. सेलमला त्याच बोळात समोरच्या भट्टीवर त्याची जिंदगी गेली होती. भंगाराच्या दुकानात रहिमानकडून त्याला या राखेचं कळलं होतं. तो रिकामा टेम्पो घेऊनच आला.

"आप्पा, राख नको झालीया म्हनं तुला. मी न्हेतो की. माझ्याकडं चांगलं तेजाब हाय."

आप्पासोंना सुटल्यासारखं वाटलं. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला राख देतो, यात नियमही मोडत नव्हता. संध्याकाळपर्यंत परस रिकामं होईल, उद्या पोरीला फोन करता येईल. दोघांनी फावडी घेतली. दोन पाट्या राख टेम्पोत पडली.

"ठेवनार कुठं?" आप्पासोंनी सहज विचारलं.

"गोठ्याच्या मागं. जागा मोकळी हाय. म्हशी बी तिथंच बसत्यात, कोंबड्या फिरत्यात. सूनबाईचं पोरगं बी तिथंच खेळतंय, त्याच्याकडं नजर ऱ्हाती माझी."

आप्पासोंचं फावडं थांबलं. बिरदेवच्या नातवाला त्यांनी पाहिलं होतं. ते पोर मातीची चव घेतल्याशिवाय चालत नसे. त्यांनी टेम्पोत चढून दोन्ही पाट्या परत खाली ओतल्या.

"न्हाई गड्या. इष हाय त्यात. पोरानं तोंडात घातलं तर?"

बिरदेवच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, पण ते चांगलं नव्हतं. "इष. चाळीस वर्षं सोबत काढली, आन् मला इष सांगतोस? किती निघालं रं, खरं सांग."

"चमकीएवढं निघालं. सगळ्या गावानं बघितलीया ती."

"चमकी गावाला. आन् हांडा घराला." तो टेम्पोत बसला. "लय मोठा झालास, आप्पा."

ही बातमी विट्याच्या बाजारापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आप्पासो राख कुणाला देत नाही. सख्ख्या दोस्ताच्या टेम्पोतून परत उतरवून घेतली. वर विष आहे म्हणतो. गलाईच्या मुलखात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. दोन दिवसांत शेवग्याखालच्या ढिगाला कडेनं खळगे पडलेले दिसू लागले. कुणी पिशवीत नेली, कुणी डब्यात. एक बाई तर देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीएवढी मागायला आली. देवघरात ठेवते म्हणाली, बरकत येते. आप्पासो प्रत्येकाला सांगत की हे विष आहे, आणि जितकं जास्त सांगत तितकी राख लवकर कमी होई. पूर्वी ते राख उंबऱ्याबाहेर जाऊ देत नव्हते कारण तिच्यात सोनं होतं. आता जाऊ देत नव्हते कारण तिच्यात सोनं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसत होतं.

त्यांनी परसाला पत्रे ठोकले. पण बाहेर गेलेल्या राखेचं काय करायचं? ती आता कुठल्या कुठल्या घरात चुलीशी, गोठ्याशी, पाळण्याजवळ पडली असेल. विचार करकरून त्यांनी पोल्ट्रीतून अंड्यांचे ट्रे आणले, ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून सांगितलं की राखेच्या प्रत्येक पुडीमागं सहा अंडी मिळतील, आणि गॅलरीत जाऊन बसले.

गावाला हा सौदा पटला. दुपारपर्यंत रांग लागली. राख आणणाऱ्यांत आधी खरंच नेलेली माणसं होती, आणि मग न नेलेलीही होती. चुलीची राख आली, उसाच्या गुऱ्हाळाची आली, कुणाच्या होळीची जपलेली आली. एकानं शेणकुटाची आणली, ती अजून गरम होती. आप्पासो बोटांच्या चिमटीत राख घेऊन तिचं कूळ सांगू शकत. ज्यांनी सेलमच्या सराफांना कणभर फसवू दिलं नाही, त्यांच्यासमोर हरणाबाई नावाच्या म्हातारीनं बाभळीच्या लाकडाची राख ठेवली आणि सांगितलं, "तुमचीच हाय, आप्पासो. देवा शपथ."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग मुकाट्यानं पुडी डब्यात ओतली आणि सहा अंडी मोजून दिली. एकाशी हुज्जत घातली असती तर खरी राख घेऊन आलेला दुसरा रांगेतून परत गेला असता.

शालूबाई आतून म्हणाल्या, "आवं, सगळ्या तालुक्याच्या चुली साफ व्हायला लागल्यात."

"होऊ दे," आप्पासो म्हणाले.

पुढचे दिवस परस खरवडण्यात गेले. तोंडाला ओलं फडकं बांधून, पाणी शिंपडून, धूळ उडू न देता त्यांनी राख आणि तिच्याखालची हातभर माती झाकणाच्या निळ्या पिंपांत भरली. कोंबड्यांचंही करायला हवं होतं. त्या कापून खायच्या नाहीत आणि विकायच्याही नाहीत, असं साक्षीनं बजावलं होतं. शालूबाईंनी त्यांना पिंजऱ्यात कोंडलं आणि त्यांची अंडीही रोज पिंपात टाकू लागल्या. पोल्ट्रीचं अंडं कैद्याचं, हे वाक्य आप्पासोंच्या तोंडून गावानं पुन्हा ऐकलं नाही. घराच्या बाजूला, भाड्यानं द्यायच्या दोन खोल्यांसाठी बांधलेल्या पक्क्या फरशीच्या शेडमध्ये पिंपं रांगेनं उभी राहिली आणि शेडला कुलूप लागलं. गावाचं मत पक्कं झालं. एवढं कुलूप राखेला कोण लावतं?

गाडीचा काही पत्ता नव्हता. राजनंदिनीला नववा लागून बरेच दिवस झाले होते.

आप्पासो फोन हातात घेऊन शेडसमोर उभे राहिले. परस स्वच्छ दिसत होतं. नवी तांबडी माती टाकली होती, शेवग्याला पाणी घातलं होतं. राख गेली एवढं म्हटलं असतं तर पोरगी उद्या आली असती. व्याह्यांनाही तेच हवं होतं. सून बाळंतपणाला सासरी राहिली म्हणून त्यांना त्यांच्या गावात तोंड द्यावं लागत होतं. पिंपं बंद होती, कुलूप पक्कं होतं. त्यांनी नंबर लावला.

"आबा, गेली का राख?"

आप्पासोंनी शेडच्या दाराकडं बघितलं. "न्हाई गेली," ते म्हणाले. "पिंपात भरलीया. गाडी यायची हाय, कवा ते ठाऊक न्हाई. परसातली माती काढली, पर साक्षी म्हंती लगेच खात्री देता येत न्हाई. तू तिथंच थांब."

राजनंदिनी म्हणाली, "मग तुमी या."

"लेकीच्या सासरी? मूल व्हायच्या आधी तिथलं पानी बी पीत न्हाईत."

"मग पानी घरचं घेऊन या. आईला पाठवा आन् तुमी बी या. डॉक्टर म्हणतायत, दिवस भरत आल्यात."

"मी आलो तर हितं कोन बघनार? कुलूप तोडून न्हेतील. सगळ्यांना सोनं वाटतंय."

"आबा," ती म्हणाली, "मी जल्मले तवा बी तुमाला हेच काम हुतं."

फोन ठेवून आप्पासोंनी शेडचं कुलूप ओढून बघितलं. मग चप्पल घातली आणि चालत शेजारच्या वाडीला गेले. बिरदेव गोठ्यात म्हशीची धार काढत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"बिरदेव, मला रहिमतपूरला जायचंय. पोरीचं दिवस भरत आल्यात. शेडची किल्ली तुझ्याकडं ठेवतो. गाडी आली तर पिंपं दे. आणिक कुनाला हात लावू दिऊ नको."

बिरदेवची धार थांबली. गलाईच्या धंद्यात सांभाळायला दिलेल्या मालाला हात लावला असं एकदा झालं की त्या माणसाला कुठल्याच गावच्या सराफ्यात उभं करत नाहीत. बिरदेवनं चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या मालातला कण कधी घेतला नव्हता आणि आपल्या नजरेसमोर कुणाला घेऊही दिला नव्हता.

"त्यात सोनं न्हाई, बिरदेव," आप्पासो म्हणाले. "परत सांगतो. इषच हाय."

"व्हय व्हय. कळतंय मला." बिरदेवनं हात धोतराला पुसले आणि किल्ली कनवटीला खोचली. त्याचा राग कुठच्या कुठं गेला होता. "चारचौघांत अजून काय सांगनार तू? जा. बाज टाकून दाराम्होरं बसतो. सरपंच आला तरी आत सोडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासो आणि शालूबाई रहिमतपूरला जाणाऱ्या गाडीत बसले. शालूबाईंच्या हातात बाळंतिणीच्या औषधांची पिशवी होती आणि आप्पासोंच्या मांडीवर घरच्या पाण्याचा कॅन. गाडी 'सेलम निवास'वरून गेली तेव्हा शेडसमोर बाज टाकून बिरदेव काठी घेऊन बसलेला दिसला. पत्र्याच्या फटीतून आत बघणाऱ्या दोघा-तिघांवर तो खेकसत होता, "काय बघता रं? इष हाय त्यात."